टीबीच्या रुग्णाचा आवाज बसला तर काय करायचं

मी स्पीच थेरपिस्ट आहे, आवाजाच्या तक्रारींवर काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांना बहुधा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाठवलेलं असतं. शिक्षक असतात, गाणारे असतात, दिवसभर फोनवर बोलून पोट भरणारे असतात, आणि त्यांच्यातच टीबीचे रुग्णही असतात. या रुग्णांची एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते. आवाज बदलून महिने उलटलेले असतात आणि त्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं. खोकला आहे म्हटल्यावर घसा बसणारच, असं रुग्ण म्हणतो, घरचे म्हणतात, कधी कधी औषधं देणारेही म्हणतात. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. पण बरोबर आहे की नाही, हे घशात डोकावल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि हे डोकावणं अवघ्या काही मिनिटांचं काम आहे.

हे मी दोघांसाठी लिहिते आहे. एक, ज्याला टीबी असल्याचं कळलेलं आहे, औषधं चालू आहेत किंवा होणार आहेत, आणि घसा त्रास देतो आहे. दुसरा, ज्याचा आवाज कित्येक आठवडे बसलेला आहे, सोबत खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन असं काहीतरी आहे, आणि टीबीचा विचार अजून कुणी केलेला नाही. दोघांनाही सांगणं एकच: कारण कळेपर्यंत घशावर स्वतःचे उपाय करत बसू नका.

आधी आवाज नीट ऐका

‘आवाज बसला’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही. कसा बसला, हे सांगा. खरखरीत, घोगरा, मध्येच चिरकणारा आवाज असेल तर बहुधा स्वरतंतूंच्या, म्हणजे बोलताना थरथरणाऱ्या स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्यांच्या, पृष्ठभागावर काहीतरी झालेलं असतं: सूज, व्रण, गाठ. आवाज पुसट असेल, बोलताना हवा निसटत असेल, एका वाक्यात दोन-तीनदा श्वास घ्यावा लागत असेल, तर दोन्ही स्वरतंतू एकमेकांना नीट भेटत नसण्याची शक्यता असते. तोंडात घास धरून बोलावं तसा जाड आवाज, सोबत ताप आणि मान वळवताना दुखणं, असं असेल तर त्रास स्वरयंत्राच्या वर, टॉन्सिलपाशी किंवा घशाच्या मागच्या भिंतीत असू शकतो. यावरून निदान होत नाही, पण दिशा कळते.

वेळही लक्षात ठेवा. सकाळी उठल्यावर आवाज वाईट आणि नंतर सुधारतो, की सकाळी बरा आणि संध्याकाळपर्यंत पार बसतो? पहिल्या प्रकारात रात्री साचलेला कफ किंवा पोटातलं आम्ल वर येणं हे कारण असू शकतं, दुसऱ्यात थकवा आणि ताण. दिवसभर सारखाच आणि आठवड्यागणिक बिघडत चाललेला आवाज मला सगळ्यात जास्त खटकतो.

माझ्या प्रत्येक रुग्णाला मी एक काम देते. आठवड्यातून एकदा, ठरावीक वाराला, सकाळी तोंड धुऊन पाणी प्यायल्यावर मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवायचा आणि रेकॉर्ड करायचं. एक ते वीस आकडे नेहमीच्या आवाजात म्हणायचे. मग एक पूर्ण श्वास घेऊन ‘आ’ जितका लांबेल तितका लांबवायचा, ताण न देता. मग रोजच्या बोलण्यातलं एखादं वाक्य, पण दर वेळी तेच. रेकॉर्डिंगला तारखेचं नाव द्यायचं. निरोगी प्रौढ माणसाचा ‘आ’ साधारण पंधरा-वीस सेकंद टिकतो. टीबीत फुप्फुसच दमलेलं असल्यामुळे तो मुळातच कमी भरतो, म्हणून दुसऱ्याशी तुलना करू नका. तुमचाच गेल्या महिन्याचा ‘आ’ आणि आजचा ‘आ’ शेजारी ठेवून ऐका.

एका शिक्षिकेच्या बाबतीत याच रेकॉर्डिंगने काम केलं. टीबीची औषधं लागू पडत होती, खोकला उतरला होता, वजन वाढत होतं, आणि आवाज मात्र दर आठवड्याला खाली जात होता. खोकल्यामुळे आवाज बसला असता तर खोकल्याबरोबर तो सुधारायला हवा होता. रेकॉर्डिंग ऐकवल्यावर डॉक्टरांनी त्याच दिवशी दुर्बिणीतून पाहिलं. डावा स्वरतंतू जागचा हलत नव्हता. तोवर त्यांना गुळण्या करायला सांगितलेलं होतं.

आवाजाबरोबर आणखी काय होतंय तेही लिहून ठेवा. गिळताना दुखणं हे स्वरयंत्राच्या टीबीचं मोठं लक्षण आहे, आणि ते साध्या घसादुखीपेक्षा वेगळं असतं. घास तर सोडाच, लाळ गिळतानासुद्धा कळ येते, आणि कित्येकदा ती कळ थेट कानात जाते. माणूस कान दाखवायला जातो, कान स्वच्छ निघतो. घसा आणि कान यांच्या संवेदना काही सामायिक नसांमधून जातात, म्हणून घशाचं दुखणं कानात जाणवतं. कान चांगला असूनही दुखतो म्हटल्यावर घसा बघायलाच हवा. याशिवाय घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, पाणी पिताना ठसका लागणं, थुंकीत रक्ताची रेघ, मानेला न दुखणारी गाठ, ही सगळी माहिती कामाची आहे.

आत काय घडत असतं

टीबीच्या रुग्णाचा आवाज जाण्याची कारणं अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणूनच अंदाजावर भागत नाही.

पहिलं कारण स्वरयंत्रालाच टीबी होणं. फुप्फुसातला जंतूंनी भरलेला कफ वर येताना स्वरयंत्रावरून जातो आणि तिथे साचून राहतो, त्यातून लागण होऊ शकते. रक्तातून किंवा लसिकांमधूनही जंतू तिथे पोचतात, त्यामुळे छातीचा एक्स-रे फारसा वाईट नसतानाही घशात टीबी सापडू शकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, औषधं नव्हती तेव्हा, फुप्फुसाचा टीबी वाढलेल्या रुग्णांत घशाचा टीबी नेहमीचाच होता. सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या रुग्णांना ठेवायच्या रुग्णालयांत, अशा रुग्णांना महिनोन् महिने मौन पाळायला लावत. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, पुढे आणखी औषधं आली, आणि हे चित्र पालटलं. आज एकूण टीबीच्या रुग्णांत स्वरयंत्राचा टीबी फार थोड्यांना होतो. त्यामुळेच तो चटकन आठवत नाही.

दुसरं, आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे नुसता खोकला. प्रत्येक ढासेला दोन्ही स्वरतंतू जोरात एकमेकांवर आपटतात. आठवडेच्या आठवडे असं चाललं की ते सुजतात, लाल होतात, क्वचित त्यात रक्तही साकळतं. खोकला उतरला की हे बहुधा आपोआप निवळतं.

तिसरं कारण नस दबणं किंवा ओढली जाणं. स्वरतंतू हलवणारी डावी नस मानेतून खाली छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. उजव्या नसेचा रस्ता यापेक्षा आखूड आहे. छातीतल्या टीबीच्या गाठी वाढल्या, किंवा फुप्फुसाचा वरचा भाग आक्रसून सगळं एका बाजूला ओढलं गेलं, तर ही लांब पल्ल्याची डावी नस सापडते. मग आवाज पुसट होतो आणि पातळ पदार्थ पिताना ठसका लागतो, कारण श्वासनलिकेचं दार पूर्ण मिटत नाही.

बाकीची कारणं थोडक्यात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत, किंवा स्टिरॉइडचा इन्हेलर वापरणाऱ्यांत घशात बुरशी वाढते. तोंडात पांढरे डाग दिसतात आणि गिळताना आग होते. मानेच्या मणक्याच्या टीबीत घशाच्या मागे पू साचू शकतो. फुप्फुसात हवाच कमी मावत असेल तर स्वरतंतू धडधाकट असूनही आवाजाला जोर राहत नाही. औषध-प्रतिरोधक, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या, टीबीवरच्या इथिओनामाइड आणि पॅरा-अमिनोसॅलिसिलिक अ‍ॅसिड या औषधांनी थायरॉइड मंदावू शकतं, आणि त्यानेही आवाज जाड, घोगरा होतो. सोबत थंडी सोसत नसेल, अंगाला सुस्ती, सूज असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करायची आठवण डॉक्टरांना जरूर करा. अ‍ॅमिकॅसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांपैकी काहींना ऐकू कमी येऊ लागतं. ज्याला कमी ऐकू येतं तो नकळत मोठ्याने बोलतो, आणि आधीच सुजलेल्या घशावर ताण टाकतो. अशा वेळी कानाची तपासणी लगेच व्हायला हवी, कारण या औषधांनी गेलेलं ऐकणं सहसा परत येत नाही.

तपासणीला जाताना

आवाज तीन-चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर, टीबी असो वा नसो, स्वरयंत्र बघून घ्यायलाच हवं. टीबी असल्याचं माहीत असेल तर तेवढीही वाट पाहू नका. पुढच्या भेटीतच सांगा. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला द्या, आवाज कसाही असला तरी.

काही गोष्टींत मात्र थेट तातडीच्या विभागात जायचं. श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा किंवा घरघरीत आवाज येणं. बसल्या जागी धाप लागणं, आडवं झोपता न येणं. लाळसुद्धा गिळता न येऊन तोंडातून ओघळणं. थुंकीत नुसती रेघ नाही, तर घोटभर किंवा जास्त रक्त पडणं. औषध घेतल्यावर ओठ, जीभ, चेहरा सुजणं. यांतलं काहीही झालं तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. जाताना रुग्णाला बसवूनच न्या, आणि घशात पाणी किंवा औषध ओतू नका.

दुर्बिणीच्या तपासणीला लोक फार घाबरतात, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. 1854 मध्ये मॅन्युएल गार्सिया नावाच्या गाणं शिकवणाऱ्या माणसाने एक छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाश त्यावर पाडून, स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. कल्पना आजही तीच आहे, साधन बदललं आहे. तुम्ही खुर्चीत ताठ बसता. नाकात बधिर करणारं औषध फवारतात किंवा त्यात बुडवलेला बोळा ठेवतात. ते कडू लागतं, घशात उतरतं, थोडा वेळ गिळताना विचित्र वाटतं. मग एक बारीक, वाकणारी नळी नाकातून हळूच घशापर्यंत सरकवतात. तुम्हाला ‘ई’ म्हणायला सांगतात, नाकाने श्वास घ्यायला सांगतात, कधी खोकायला सांगतात. स्वरतंतू कसे उघडतात, कसे मिटतात, पृष्ठभाग कसा आहे, हे तेवढ्यात दिसतं. त्या वेळी तोंडाने हळू आणि लांब श्वास सोडत राहिलं की ओकारी कमी येते. बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर घास चुकीच्या नळीत जाऊ शकतो.

तपासणीच्या खोलीत शिरण्याआधी, दारातच सांगा: मला टीबी आहे, किंवा टीबीची शंका आहे. लपवू नका. या तपासणीत माणूस खोकतो, जंतू हवेत उडतात, आणि आतल्यांना एन-95 मास्क लावायला वेळ मिळायला हवा. तुम्हीही बाहेर बसताना मास्क लावा.

आता सगळ्यात अवघड भाग. स्वरयंत्राचा टीबी दिसायला कित्येकदा हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. अनुभवी डॉक्टरांनाही नुसत्या डोळ्यांनी फरक करता येत नाही. ‘गाठ दिसते आहे, तुकडा काढून तपासावा लागेल’ असं सांगितलं की घरात रडारड सुरू होते. मी अशी कुटुंबं पाहिली आहेत ज्यांनी त्या भीतीने बायॉप्सीच टाळली. कृपा करून टाळू नका. त्या तुकड्यात टीबीच्या खुणा सापडल्या तर औषधांनी बरा होणारा आजार आहे हे कळतं, आणि घशाला कापाकापी किंवा रेडिएशन लागत नाही. उलट टीबी आधीच ठाऊक आहे, मग गाठ टीबीचीच असणार, असंही धरून चालू नका. दोन्ही आजार एका माणसात एका वेळी असू शकतात. बायॉप्सीचा तुकडा पॅथॉलॉजीबरोबरच टीबीच्या जंतूंच्या तपासणीसाठीही पाठवला जावा, हे आधीच विचारून घ्या. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो टिकवायच्या द्रवात, गेला तर त्यातले जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, करता येत नाही.

थुंकीही द्यायची असते, आणि ती नीट द्यावी लागते. सकाळची पहिली, छातीतून आलेली हवी. तोंडातली लाळ नको. आधी साध्या पाण्याने चूळ भरा. दोन-तीन खोल श्वास घ्या, शेवटचा थोडा रोखा, आणि मग छातीतून खोका. हे मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब करा. बंद न्हाणीघरात कधीही नको. जंतूंची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत काही तासांत टीबी आहे की नाही, आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही, दोन्ही कळतं. छातीचा एक्स-रे आणि एचआयव्हीची तपासणी यांना नाही म्हणू नका.

आणि तोवर काय करू नये, तेही महत्त्वाचं आहे. घसा दुखतो म्हणून दुकानातून लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक आणून घेऊ नका. ते टीबीच्या जंतूंनाही थोडं मारतं, काही दिवस बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि निदान लांबतं. कारण न कळता स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या तर सूज उतरल्यासारखी वाटते आणि आत टीबी पसरू शकतो. डॉक्टर कधी कधी टीबीच्या औषधांबरोबर स्टिरॉइड देतात, ती गोष्ट वेगळी.

घरातल्यांचं काय

स्वरयंत्राचा टीबी हा चटकन पसरणाऱ्या टीबीपैकी धरला जातो. जंतू आवाजाच्या दारातच बसलेले असतात; खोकताना, मोठ्याने बोलताना, गाताना ते हवेत येतात. औषधं लागू पडून डॉक्टर मोकळीक देईपर्यंत रुग्णाने मास्क लावावा, खोलीची खिडकी उघडी असावी, झोपण्याची सोय शक्य तर वेगळी असावी. घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी व्हावी. ताटवाटी, कपडे, हात मिळवणं यांतून टीबी पसरत नाही. भांडी वेगळी काढून माणसाला परकं करण्यात काहीही अर्थ नाही. योग्य औषधं सुरू झाली की संसर्ग पसरवण्याची शक्यता झपाट्याने कमी होते.

आवाज गेलेला माणूस घरात लवकर एकटा पडतो. पलीकडच्या खोलीतून हाक मारता येत नाही, फोनवर समोरच्याला ऐकू जात नाही, मग तो बोलणंच सोडून देतो. त्याच्या हाताशी एक घंटी द्या, लिहायला वही द्या, मोबाइलवर टाइप करायची सवय लावा. त्याच्याशी बोलताना टीव्ही बंद करा. त्याचं वाक्य मध्येच तुम्ही पूर्ण करू नका. उघड्या खिडकीशी, थोडं अंतर ठेवून, पण समोर बसा.

औषधं चालू असताना

घशाच्या टीबीला वेगळी औषधं नसतात. औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने प्रामुख्याने आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन. गिळतानाचं दुखणं बहुधा काही आठवड्यांत बऱ्यापैकी उतरतं. आवाजाला जास्त वेळ लागतो, कधी दोन-तीन महिने. दुखणं थांबलं म्हणून गोळ्या सोडणारे याच टप्प्यावर सोडतात. दोन महिन्यांच्या आसपास पुन्हा दुर्बिणीतून पाहून घ्या. व्रण भरत नसेल तर जंतू औषधाला दाद देत आहेत का, आणि निदान बरोबर आहे का, दोन्ही नव्याने बघावं लागतं.

रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू, लाळ, थुंकी नारिंगी होते. ते रक्त नाही, घाबरू नका. पण थुंकीत गडद लाल धागे किंवा गुठळी दिसली तर ते रक्तच समजा आणि दाखवा. घसा दुखत असल्यामुळे गोळ्या गिळवत नसतील तर मनाने चुरू नका, आणि डोस तर चुकवूच नका. आरोग्य केंद्रात सांगा. कोणती गोळी फोडता येते, कोणती पाण्यात विरघळणारी मिळते, ते त्यांना माहीत असतं.

जेवताना आधी ताठ बसा. हनुवटी वर करून पिऊ नका. घास लहान घ्या, मऊ आणि ओलसर घ्या, एक पूर्ण गिळल्यावरच दुसरा. फार गरम, तिखट, आंबट, कोरडं, टोचणारं काही दिवस बाजूला ठेवा. डॉक्टरांनी दुखणं कमी करणारं औषध दिलं असेल तर ते जेवणाआधी अर्धा तास घ्यावं का, हे विचारून घ्या. बहुतेकांना त्याचा फार फायदा होतो. घसा बधिर करणारा स्प्रे किंवा जेल जेवणाआधी मनाने मारू नका. दुखत नाही खरं, पण घास कुठे चाललाय तेही कळत नाही. पाण्याने ठसका लागत असेल तर ते मला किंवा माझ्यासारख्या कुणाला दाखवा. कुणाला हनुवटी छातीकडे झुकवून प्यायल्याने बरं पडतं, कुणाला द्रव थोडा घट्ट करून. कुणासाठी काय, ते तपासूनच ठरतं. जेवल्यावर अर्धा-पाऊण तास बसून राहा. वजन दर आठवड्याला बघा. गिळता येत नाही म्हणून ते घटत असेल तर नळीने अन्न देण्याचा पर्याय असतो, आणि तो वेळेवर घेतलेला बरा.

बोलण्याचं काय करायचं

पूर्ण मौनाची गरज आज क्वचितच पडते. व्रण ताजा असेपर्यंत मी ‘कमी आणि जवळून’ एवढंच सांगते. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी, नेहमीच्या हळू आवाजात, छोटी वाक्यं. ओरडणं नाही, गाणं नाही, गोंगाटात बोलणं नाही. आणि कुजबुज नाही. लोकांना वाटतं कुजबुजून घशाला आराम मिळतो, पण अनेक जण कुजबुजताना घसा आवळून धरतात आणि ताण उलट वाढतो.

सारखं खाकरणं हे मला आवाजाचं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. खाकरलं की सुजलेले तंतू घासतात, आणखी कफ सुटतो, पुन्हा खाकरावंसं वाटतं. तसं वाटलं की आधी एक घोट पाणी. नसेल तर कोरडाच आवंढा गिळा, मग हलकासा ‘म्म्’ करा. कफ खरंच छातीतून वर यायचा असेल तर हफ करा: मध्यम श्वास घ्या, तोंड आणि घसा उघडा ठेवा, आणि आरसा पुसायला त्यावर वाफ सोडतो तशी हवा जोरात पण आवाज न करता ‘हाह्’ म्हणून सोडा. दोन-तीनदा केलं की कफ वर सरकतो आणि शेवटी एकच खोकला पुरतो. हेही उघड्या खिडकीशी, तोंडापुढे कागदी रुमाल धरून. कफ बाहेर पडायलाच हवा, त्यामुळे ओल्या खोकल्यावर झोप आणणारी खोकल्याची औषधं मनाने घेऊ नका.

धूर टाळा, स्वतःचाही आणि दुसऱ्याचाही. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती, ते विचारून. वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची आणि भाजणार नाही अशी.

डॉक्टरांनी व्रण भरल्याचं सांगितल्यावरच व्यायाम सुरू करायचे. मी सुरुवात सरबत पिण्याच्या नळीपासून, म्हणजे स्ट्रॉपासून, करते. ग्लासात चार बोटं पाणी घ्या, नळीचं टोक दोन सेंटिमीटर बुडवा, ओठ नळीभोवती मिटा, गाल सैल ठेवा आणि सोयीच्या सुरात ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ते मध्येच तुटले तर तुम्ही घसा आवळला आहे किंवा श्वास संपला आहे. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून काही वेळा. मग तोच सूर थोडा वर, थोडा खाली सरकवायचा. मग नळी काढून ‘म्म्’, ओठांवर थरथर जाणवेल असा. मग ‘मा’, ‘मी’, मग शब्द. दुखलं, खोकला उसळला, आवाज व्यायामाआधीपेक्षा वाईट झाला, तर त्या दिवशी थांबा. नळी आणि ग्लास स्वतःचेच ठेवा, धुऊन वाळवा.

टीबी बरा होऊनही काहींचा आवाज पूर्ण परत येत नाही. व्रणाच्या जागी वण राहतो, तंतू ताठर होतो, सांधा आखडतो, क्वचित श्वासाची वाट अरुंद होते. औषधांचा कोर्स संपल्यावर आवाज तसाच असेल तर ‘आता असंच राहणार’ म्हणून सोडून देऊ नका, पुन्हा दाखवा. न हलणारा तंतू इंजेक्शनने किंवा छोट्या ऑपरेशनने दुसऱ्याच्या जवळ आणता येतो, आणि पुसट झालेला आवाज त्याने बराच भरून येतो. आवाजावर पोट असेल, शिकवायचं असेल, गायचं असेल, तर कामावर परतण्याआधी आवाजाची तपासणी करून घ्या आणि सुरुवातीला माइक मागून घ्या. पहिले काही आठवडे निम्मेच तास बोला.

आठवड्याचं रेकॉर्डिंग कोर्सनंतरही महिन्यातून एकदा चालू ठेवा, दोन वर्षं तरी. टीबी उलटतो तो बहुधा याच काळात. सुधारलेला आवाज सर्दीपडशाशिवाय पुन्हा घोगरा होऊन तीन आठवडे तसाच राहिला, तर जुनी फाइल घेऊन जा आणि थुंकीची तपासणी व दुर्बिणीची तपासणी, दोन्ही नव्याने मागा.